गाढवासाठी रडावं का? (एकादश स्कंध, अध्याय २९)



आजचं वाचन: श्रीमद्भागवत, स्कंध ११, अध्याय २९, श्लोक १६ आणि १७

भावार्थ

उद्धवाचा निरोप जवळ आलाय. जाण्याआधी भगवान त्याला एक साधना देतात. आपलीच माणसं हसतील, हसू देत. 'मी मोठा, तो लहान' ही देहाची नजर आणि तिच्यासोबत येणारी लाज सोड. मग कुत्रा, समाजाने बाहेर ठेवलेला माणूस, गाय आणि गाढव, या सगळ्यांना जमिनीवर आडवं होऊन नमस्कार कर. पुढच्या श्लोकात मुदत दिली आहे: सगळ्या जीवांमध्ये मी दिसेपर्यंत वाणीने, मनाने आणि शरीराने हे करत राहा.

चिंतन

समदृष्टी म्हटलं की आपल्याला गीतेचा पाचवा अध्याय आठवतो. तिथे गाय आहे, हत्ती आहे, कुत्राही आहे. गाढव नाही. भागवतात यादी थेट गाढवापर्यंत जाते. सॉफ्टवेअर टेस्ट करताना आपण मुद्दाम टोकाची केस घेतो, कारण सिस्टीम तिथेच फुटते. समदृष्टीची टोकाची केस म्हणजे गाढव. गायीला हात जोडले तर कोणी हसत नाही. गाढवाला जोडून बघा! म्हणूनच श्लोकात हसणाऱ्यांचा उल्लेख आधी येतो आणि गाढव शेवटी.

आणखी एक गंमत. याच भागवताच्या दहाव्या स्कंधात (अध्याय ८४) 'गोखर' हा शब्द चक्क दूषण म्हणून आलाय. जो देहालाच 'मी' समजतो आणि फक्त पाण्यालाच तीर्थ मानतो, पण संतांना ओळखत नाही, तो गोखर. म्हणजे ज्या शब्दाने एका ठिकाणी खडसावलं, त्याच शब्दापुढे दुसऱ्या ठिकाणी लोटांगण घालायला सांगितलं.

आता नाथांची कथा या दोन श्लोकांच्या मध्ये ठेवून बघा. काशीहून रामेश्वराला गंगेची कावड चाललीय. वाटेत वाळूत एक गाढव तहानेने तडफडतंय. सोबतचे हळहळतात, एवढी यात्रा वाया जाणार म्हणून. नाथ कावड तिथेच रिकामी करतात. त्यांचा रामेश्वर तिथेच पावतो. तीर्थ फक्त पाण्यात नसतं, आणि गाढवातही तोच आहे, दोन्ही श्लोक एका कृतीत आले. आणि एकादश स्कंधावर मराठीत टीका लिहिणारे हेच नाथ. ती १५७३ साली काशीत पूर्ण झाली.

एका गाढवाची आठवण

इंग्लंडमध्ये डेव्हन परगण्यात सिडमथजवळ गाढवांचं एक मोठं आश्रयस्थान आहे, 'द डाँकी सँक्चुअरी'. त्याची गोष्ट एका गाढविणीपासून सुरू होते. हॉटेल चालवणाऱ्या एलिझाबेथ स्वेंडसन यांनी १९६९ मध्ये तिला विकत घेतलं. नाव नॉटी फेस, म्हणजे आपल्या भाषेत 'खोडकर तोंडाची'. ती एकटी पडू नये म्हणून अँजेलिना नावाची सोबतीण आणली. आधी विचार होता गाढवांची पैदास करायचा. मग एक्सेटरच्या बाजारात त्यांना एका छोट्या कोंडवाड्यात दाटीवाटीने कोंबलेली सात गाढवं दिसली, हाल झालेली. तिथे त्यांचा रस्ता बदलला. पैदास नको, वाचवायचं. १९७३ मध्ये संस्थेची नोंदणी झाली तेव्हा ३८ गाढवं होती. पुढच्याच वर्षी एका बाईंनी मृत्युपत्रात आणखी २०४ गाढवं त्यांच्या स्वाधीन केली. स्वेंडसन २०११ मध्ये गेल्या, पण संस्था आजही आपली गोष्ट सांगताना नॉटी फेसचं नाव आधी घेते.

तिथली एक पद्धत मला फार शिकवून जाते. गाढवं जोडीने राहतात. एक गेलं तर दुसऱ्याला लगेच दूर नेत नाहीत. ते हुंगतं, शेजारी उभं राहतं, आणि स्वतःहून बाजूला होईपर्यंत त्याला तिथे राहू देतात. कारण गाढवाचं दुःख चेहऱ्यावर फारसं दिसत नाही, पण त्या दुःखात त्याने खाणं सोडलं तर अंगातली चरबी रक्तात उतरते आणि ते जिवावर बेतू शकतं. ज्याला आपण अक्कल नसलेलं म्हणतो, त्याला निरोप घ्यायला वेळ लागतो.

पण हा मोह नाही का?

हा प्रश्न कोणीतरी विचारणारच, आणि विचारायलाच हवा. भागवताच्याच पाचव्या स्कंधात भरत राजा आहे. सगळं सोडून वनात गेला, नदीच्या प्रवाहात वाहणारं हरणाचं पाडस वाचवलं आणि त्यातच गुंतला. अंतकाळी तेच मनात, म्हणून पुढचा जन्म हरणाचा.

नीट वाचलं तर पाडसाला वाचवणं ही त्याची चूक ठरवलेली नाही. हळूहळू त्याचे नेम सुटले, जप सुटला, आणि सगळं जग त्या एका 'माझ्या' पाडसाएवढं झालं. प्रेम आकसत गेलं. नॉटी फेसच्या बाबतीत उलट झालं. एकीवरचं प्रेम बाजारातल्या सातांपर्यंत गेलं, मग अडतीस, मग अजून दोनशे चार.

म्हणून मला तरी कसोटी इतकीच वाटते: गेलेल्या जीवाची आठवण मला आकसवते की पसरवते? रडू येण्याने काही ठरत नाही. रडून झाल्यावर पुढच्या जीवाकडे नजर जाते का, यावर ठरतं.

आपल्याकडे तर नजर जायला पुष्कळ जागा आहे. जेजुरीला पौष पौर्णिमेला गाढवांचा बाजार भरतो. वीटभट्ट्यांवर ती आजही ओझी वाहतात. २०१९ च्या पशुगणनेत देशात जेमतेम १.२ लाख गाढवं उरली होती, आधीच्या गणनेपेक्षा ६० टक्क्यांहून कमी. ती संपत चालली आहेत, आणि शिवी म्हणून नाव मात्र रोज आपल्या तोंडात आहे.

आजचा अभ्यास

१. तुमचा कुत्रा, मांजर, गावाकडची म्हैस, जे कोणी गेलं असेल त्याचं नाव आज देवापुढे मोठ्याने घ्या. घरचे हसले तर श्लोक १६ आठवा.

२. त्याच्या नावाने आज एका *दुसऱ्या* जिवासाठी काहीतरी करा. गेटबाहेर पाण्याचं भांडं ठेवलंत तरी चालेल. नाथांनीही पाणीच दिलं होतं.

३. कोणी म्हणालं, "एका जनावरासाठी एवढं?", तर वाद घालू नका. मनातल्या मनात त्यालाही नमस्कार करा. यादीत तोही आहेच.

राम कृष्ण हरी!