दिवाळीचे फटाके आणि घरचा कुत्रा

गेल्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या रात्री दवाखाना बंद करून घरी निघालो होतो, तोच आठ-नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन त्याचे वडील आले. मुलाच्या हाताला कुत्रा चावला होता आणि जखमेवर हळद-तिखट थापलेले होते. कुत्रा मोकाट नव्हता, घरचाच होता. दारात सुतळी बॉम्ब वाजले तसा तो बाजेखाली जाऊन बसला. मुलाने पाय धरून त्याला बाहेर ओढले आणि तो चावला. "डॉक्टर, आजवर कधी कुणाच्या अंगावर गेला नाही हो! पिसाळला म्हणायचा का?"

पिसाळला नव्हता, घाबरला होता. माणसाला साधारण वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. कुत्र्याला त्याच्या दुपटीहून अधिक. शिवाय आज सण आहे, हे त्याला कोण सांगणार? थरथरणे, धापा टाकणे, शेपूट पोटाशी घेणे, लाळ गाळणे ही भीतीची लक्षणे आहेत. अशा वेळी त्याला ओढू नये, दटावू नये. लपला असेल तिथेच राहू द्यावे. आपणहून जवळ आला तर अंगावरून हात फिरवावा. गोंजारल्याने भीती वाढते, हा गैरसमज आहे.

मी माणसांचा डॉक्टर; परंतु एवढे सांगू शकतो की तयारी उजेड असतानाच करावी. कुत्र्याला संध्याकाळपूर्वी फिरवून, खाऊ घालून आतल्या खोलीत घ्यावे. खिडक्या लावाव्यात, रेडिओ किंवा टीव्ही सुरू ठेवावा. अंगणात साखळीला बांधून मुळीच ठेवू नये; हिसके देताना गळ्याला फास बसतो. घरातली झोपेची किंवा तापाची गोळी देऊ नये. पॅरासिटामॉलने कुत्र्याला विषबाधा होऊ शकते, मांजराला तर थोड्या मात्रेनेही. फारच घाबरणारे जनावर असेल तर दिवाळीआधीच पशुवैद्यकांना विचारावे. फराळही जपून ठेवा. लाडवातल्या बेदाण्यांनी कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते.

वसुबारसेला गाईला नैवेद्य दाखवतो, तो घासभरच असावा. आळीतल्या प्रत्येक घराने पुरणपोळी चारली, तर पोटात आम्ल वाढून गाय दगावूही शकते.

आता चाव्याविषयी. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटे धुवावी, घड्याळ लावून. हळद, तिखट, चुना काही लावू नये, घट्ट पट्टी बांधू नये. मग त्याच दिवशी दवाखाना गाठावा. सरकारी दवाखान्यात लस मोफत मिळते. पोटात चौदा इंजेक्शने घेण्याची धास्ती अजून अनेकांच्या मनात आहे. ती जुनी लस आपल्याकडे केव्हाच बंद झाली. आता दंडाच्या स्नायूत पाच वेळा (पहिल्या दिवशी, मग त्यापासून ३, ७, १४ आणि २८ दिवसांनी) किंवा कातडीत चार वेळा टोचतात. रक्त आले असेल तर जखमेत वेगळे इंजेक्शनही लागते. कुत्रा घरचा आहे, त्याला लस दिलेली आहे, म्हणून स्वतःच्या मनाने थांबू नये. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी वाचत नाही, हे स्पष्टच लिहितो.

कुत्र्याला मारूनही टाकू नये. तो दहा दिवस नजरेखाली राहिला पाहिजे. दहा दिवसांनी ठणठणीत असला, तर चावला त्या दिवशी त्याच्या लाळेत रेबीजचे विषाणू नव्हते असे समजते आणि पुढच्या सुया कमी करता येतात. तो निर्णय मात्र डॉक्टरांचा.

रात्री दहा ते सकाळी सहा फटाके वाजवायला सर्वोच्च न्यायालयाने २००५ सालीच मनाई केली आहे. आमच्या मोहोळात ती किती पाळली जाते, हे वाचकांना ठाऊकच आहे.

त्या मुलाची जखम मी पुन्हा धुतली, तिखटामुळे तो फार रडला. कुत्रा दहाव्या दिवशी दारात शेपूट हलवत होता. त्याला कधीच लस दिलेली नव्हती, हे वडिलांनी मला तेव्हा सांगितले.