नवी कार्यप्रणाली आणि आपले जुने दप्तर

‘ऑपरेटिंग’ हा शब्द कानी पडताच आपणा वैद्यकीय व्यावसायिकांच्या डोळ्यांसमोर शस्त्रक्रियागृह उभे राहते. संगणकाच्या जगात मात्र ‘ऑपरेटिंग सिस्टीम’, म्हणजेच कार्यप्रणाली, ही स्वायत्त मज्जासंस्थेसारखी असते. पडदा, कळफलक, प्रिंटर आणि साठवण यांचा सारा कारभार ती पाहते आणि बाकीचे प्रोग्रॅम तिच्याच आधारावर चालतात. ती सुरळीत असते तोवर तिची आठवणही होत नाही. बिघडली, की सगळेच अवयव असहकार पुकारतात. २०२५ च्या अखेरीस आपल्यापैकी अनेकांना ही प्रणाली बदलावी लागली. बिदर जिल्ह्यातील आमच्या दवाखान्यातही दिवाळीनंतर हा बदल झाला. त्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत जे पाहिले आणि जे शिकलो, ते व्यवसायबंधू-भगिनींना व समाजातील वाचकांना उपयोगी पडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

बदल अटळ का झाला?

विंडोज १० ही कार्यप्रणाली जुलै २०१५ मध्ये आली आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तिचे नियमित साहाय्य थांबले. घरगुती वापरकर्त्यांना सुरक्षा-दुरुस्त्यांसाठी वाढीव मुदत देण्यात आली, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. साहाय्य थांबले म्हणजे संगणक बंद पडला असे नव्हे. तो पूर्वीसारखाच सुरू होतो आणि चालतो; मात्र त्यानंतर सापडणारी नवी भगदाडे कोणी बुजवत नाही. लसीकरण अर्धवट राहिलेले मूल अंगणात खेळताना निरोगीच दिसते, परंतु गोवराची साथ आली की फरक कळतो. त्यातलाच हा प्रकार.

अशी साथ जगाने पाहिलेली आहे. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर सॉफ्टवेअरने इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेला ग्रासले. रुग्णालयांबरोबरच ५९५ जनरल प्रॅक्टिशनर्सच्या दवाखान्यांनाही त्याची बाधा झाली. ज्या उणिवेतून हा शिरकाव झाला, तिच्यावरील दुरुस्ती दोन महिने आधी, मार्च २०१७ मध्येच उपलब्ध झाली होती. औषध होते, ते घेतले गेले नव्हते. आपल्या देशात २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या ‘एम्स’मधील सर्व्हरवर असाच हल्ला झाला आणि नोंदणीपासून अहवालांपर्यंतची कामे कित्येक दिवस हाताने करावी लागली. एवढ्या मोठ्या संस्थेची ही स्थिती, तर भालकी, औराद किंवा आळंद येथील एका डॉक्टरच्या दवाखान्याची काय कथा!

आमच्याकडे दोन संगणक होते. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी स्मृती, ६४ जीबी साठवण, टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि ठरावीक पिढीनंतरचा प्रोसेसर लागतो. तपासणी-कक्षातील संगणक या अटींत बसला. नोंदणीच्या टेबलावरचा जुना संगणक बसला नाही. त्यावर आम्ही उबंटू २४.०४ ही लिनक्सवर आधारलेली विनामूल्य प्रणाली घातली. एकाच छपराखाली दोन प्रणाली नांदू लागल्या. पहिल्या दिवशी सर्व काही सुरू झाले आणि तंत्रज्ञ निरोप घेऊन गेला. परंतु टाके घातले म्हणजे उपचार संपले असे आपण मानत नाही. शस्त्रक्रियेनंतरची काळजीच रुग्णाचे भवितव्य ठरवते. येथेही तसेच घडले.

पहिला महिना : जोडलेली यंत्रे

संगणक बदलला तरी त्याला जोडलेली यंत्रे जुनीच असतात. प्रिंटर, ईसीजी यंत्र, रक्तपेशी मोजणारे यंत्र, बोटाचा ठसा घेणारे उपकरण अशा प्रत्येकाचे कार्यप्रणालीशी स्वतंत्र नाते असते आणि ते ‘ड्रायव्हर’ नावाच्या छोट्या प्रोग्रॅमवर टिकते. आमचे एक यंत्र नव्या प्रणालीशी बोलेना आणि त्याच्या निर्मात्याने नवा ड्रायव्हर काढलेलाच नव्हता. चांगले चालणारे यंत्र भंगारात काढणे परवडणारे नव्हते. आम्ही त्याच्यासाठी एक जुना संगणक वेगळा ठेवला, त्याची इंटरनेटची जोडणी कायमची काढून टाकली आणि त्याच्यावर दुसरे कोणतेही काम करायचे नाही, असे ठरवले. संसर्गजन्य रुग्णाला स्वतंत्र कक्षात ठेवावे, तसा हा उपाय आहे. तेथून अहवाल आणणारा पेनड्राइव्ह तपासल्याखेरीज दुसऱ्या संगणकाला लावायचा नाही, हा नियम मात्र कटाक्षाने पाळावा लागतो.

जुने दप्तर वाचता येते का?

खरी कसोटी यापुढे होती. अनेक वर्षांच्या फायली नव्या संगणकावर सुखरूप आल्या. संख्या जुळली, आकार जुळला. उघडून पाहिल्यावर मात्र काही मराठी व कन्नड सल्लापत्रकांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसला.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. श्रीलिपी, आकृती, कन्नडसाठी नुडी व बरह अशा साधनांनी एके काळी भारतीय भाषांची मोठी सेवा केली. त्या काळच्या फाँटांत मराठी अक्षर हे इंग्रजी अक्षराच्या क्रमांकावर बसवलेले असे. संगणकाच्या दृष्टीने ती इंग्रजी अक्षरेच. त्यांच्यावर मराठीचा मुखवटा चढवलेला. तो विशिष्ट फाँट नसेल, तर मुखवटा गळून पडतो. युनिकोडमध्ये प्रत्येक भारतीय अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, त्यामुळे फाँट बदलला तरी ‘क’ हा ‘क’च राहतो. आणखी एक भेद असा, की जुन्या फाँटांत मजकूर डोळ्यांना दिसतो त्या क्रमाने साठवला जाई. ‘ति’ लिहिताना वेलांटी आधी आणि ‘त’ नंतर. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम असतो. आधी ‘त’, मग वेलांटी. म्हणूनच जुना मजकूर नव्या रूपात आणणारी साधने वापरताना वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरे यांवर बारीक नजर ठेवावी लागते.

आपल्या भागाला हा अनुभव नवा नाही. निजामाच्या राज्यात असलेल्या या जिल्ह्यांतील कित्येक घरांच्या पेट्यांत मोडीतील कागद आणि उर्दूतील महसुली दस्त आजही आहेत. कागद शाबूत, शाई शाबूत. वाचणारा मात्र शोधावा लागतो. नोंद जपणे आणि नोंद वाचती ठेवणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार आंतररुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जतन कराव्या लागतात आणि मागणी झाल्यास ७२ तासांत द्याव्या लागतात. फाईल आहे पण उघडत नाही, हे उत्तर कायद्याला चालणार नाही. दहा वर्षांपूर्वी कोणत्या औषधाची ॲलर्जी आली होती हे ज्याला जाणून घ्यायचे आहे, त्या रुग्णाला तर मुळीच चालणार नाही.

आम्ही महत्त्वाची सल्लापत्रके युनिकोडमध्ये आणली आणि एकेक ओळ मुळाशी ताडून पाहिली. बाकीच्या जुन्या फायलींसाठी, फाँट असलेल्या संगणकावरूनच त्यांच्या पीडीएफ प्रती काढून ठेवल्या. पीडीएफमध्ये फाँट आतच गुंफला जात असल्याने मजकूर पुढेही जसाच्या तसा दिसतो.

दुसरा महिना : तीन लिप्या आणि एक कळफलक

आपल्या सीमाभागातील एका घरात तीन लिप्या नांदतात. ऐंशी ओलांडलेले आजोबा उर्दू किंवा मराठी वाचतात, सून मराठी वाचते आणि नातू कन्नड शाळेत शिकतो. इन्सुलिन केव्हा व किती घ्यायचे, हे सांगणारा कागद यांपैकी जो वाचणार, त्याच्या लिपीत हवा. ही गरज नव्या प्रणालीने फार सुलभ केली. दोन्ही प्रणालींत भाषा जोडून घेतल्यावर विंडोजचे चिन्ह असलेली कळ आणि स्पेस ही कळ एकत्र दाबली, की कळफलकाची भाषा बदलते.

नोंदणी सांभाळणाऱ्या ताई वर्षानुवर्षे टंकलेखन-यंत्राच्या पद्धतीने मराठी टंकन करीत. आता त्यांनी इन्स्क्रिप्ट पद्धत शिकायला घेतली. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली प्रमाणित केलेल्या या रचनेत डाव्या हाताला स्वर व मात्रा आणि उजव्या हाताला व्यंजने आहेत. पहिले दोन आठवडे कामाचा वेग निम्म्यावर आला आणि बाहेर रांग वाढली. पाचव्या आठवड्यात पूर्वीचा वेग परत आला. एके दिवशी त्यांनी सहज भाषा बदलून त्याच कळा दाबल्या आणि म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, हे बघा ना, मराठी ‘क’ जिथं आहे, तिथंच कन्नड ‘क’ आहे!” इन्स्क्रिप्टचे मर्म हेच आहे. ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्यांत वर्णमाला समान असल्याने कळांची जागाही समान ठेवलेली आहे. कन्नडमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ ‘ए’, ‘ओ’ वेगळे असतात, तेवढे नव्याने लक्षात ठेवावे लागले. मराठीसाठी केलेले कष्ट कन्नडलाही उपयोगी पडले. उर्दूची लिपी उजवीकडून डावीकडे जाणारी आणि निराळ्या कुळातील असल्याने तिचा कळफलक स्वतंत्र आहे. त्यासाठी आम्ही जाणकाराकडून तपासून घेतलेली तयार पत्रकेच ठेवली.

येथे एक धोका सांगितला पाहिजे. भाषा बदलली, की अंकही बदलू शकतात. काही कळफलक देवनागरी अंक उमटवतात, काही आंतरराष्ट्रीय. देवनागरी एकाचा अंक घाईत इंग्रजी पद्धतीच्या नऊसारखा वाचला जाऊ शकतो. लेखात याने काही बिघडत नाही. इन्सुलिनच्या एककांत मात्र अनर्थ होईल. म्हणून औषधाची मात्रा कोणत्याही लिपीच्या पत्रकात आंतरराष्ट्रीय अंकांतच छापायची आणि शेजारी ती अक्षरांतही लिहायची, असा नियम आम्ही केला आहे.

तिसरा महिना : शिस्त

सवय लागली, की बेफिकिरी येते. म्हणून तिसऱ्या महिन्यात शिस्तीचे काही नियम ठरवले. त्यांतील अनुकरणीय वाटतील असे पुढे देत आहे.

१. बदलापूर्वी आणि नंतरही नोंदींच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत दवाखान्याबाहेर असावी. दर महिन्याला एक जुनी फाईल त्या प्रतीतून खरोखर उघडून पाहावी. न उघडलेली प्रत म्हणजे मुदत न पाहिलेली औषधाची बाटली.

२. विंडोज ११ मध्ये साठवण आपोआप कुलूपबंद झालेली असू शकते. तिची ४८ अंकी पुनर्प्राप्ती-किल्ली कागदावर उतरवून पदवी-प्रमाणपत्रांसोबत ठेवावी.

३. अद्यतने टाळू नयेत. त्यांची वेळ ठरवावी. विंडोजमधील ‘ॲक्टिव्ह अवर्स’मध्ये बाह्यरुग्ण विभागाचे तास नोंदवावेत, म्हणजे रुग्ण समोर असताना संगणक आपणहून पुन्हा सुरू होत नाही.

४. रोजच्या कामासाठी मर्यादित अधिकारांचे खाते वापरावे. प्रशासकाचा पासवर्ड सर्वांना ठाऊक नसावा.

५. कागदपत्रांचे फोल्डर ‘क्लाउड’वर जात आहे का, हे पाहावे. ते जाऊ द्यायचे की नाही, हे डॉक्टरांनी जाणीवपूर्वक ठरवावे. डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण अधिनियम २०२३ साली संमत झाला व त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. रुग्णाची गोपनीयता हे मात्र आपले त्याहून कितीतरी जुने व्रत आहे.

६. संगणक बंद पडल्यास कोऱ्या नोंदवह्या व छापील केसपेपर हाताशी असावेत. तासाभरात हाताने काम सुरू करता आले पाहिजे.

समारोप

कार्यप्रणाली विंडोज असावी की लिनक्स, या वादात मी पडत नाही. दोन्हींवर आमचे काम चालले आहे आणि दोन्हींच्या मुदती केव्हा ना केव्हा संपणारच आहेत. विंडोज एक्सपीचे साहाय्य ८ एप्रिल २०१४ ला संपले, विंडोज ७ चे १४ जानेवारी २०२० ला, आणि आता विंडोज १० चे. प्रणाली येतील आणि जातील. रुग्णाचा इतिहास मात्र त्याच्या आयुष्याइतका दीर्घ असतो आणि तो आपल्याकडे ठेव म्हणून असतो. नव्या प्रणालीचे पहिले महिने हे नव्या सोयी कौतुकाने पाहण्याचे असतात, तसेच जुने दप्तर उघडून तपासण्याचेही. पुढच्या पिढीतील डॉक्टरला आपली नोंद वाचता यावी आणि घरी गेलेल्या रुग्णाला आपण दिलेला कागद त्याच्या लिपीत समजावा, एवढे साधले तर बदल यशस्वी झाला असे समजावे.