सर्व्हेचे पॉइंट सरकवताना

प्रश्न : टोटल स्टेशनने १०००, १००० असे मनाचे कोऑर्डिनेट धरून मोजणी झाली. आता डीजीपीएसचे दुरुस्त आकडे हाती आले आहेत. ऑटोकॅडमधले पॉइंट नव्या जागी कसे न्यावेत?

उत्तर : नुसते 'मूव्ह' पुरत नाही. साइटवर धरलेली उत्तर दिशा आणि ग्रिडची उत्तर यांत सहसा कोन असतो, त्यामुळे नकाशा फिरवावाही लागतो. 'अलाईन' कमांड दोन्ही कामे एका दमात करते. सगळे ड्रॉइंग निवडून दोन कंट्रोल पॉइंटच्या जुन्या-नव्या जागा द्याव्यात. पॉइंट एकमेकांपासून जितके लांब तितके बरे.

मग स्केल बदलायचे का, असे ही कमांड विचारते. घात होतो तो इथे! 'यस' म्हटले की मोजलेली अंतरे गुपचूप बदलतात. यूटीएममध्ये ७५ अंश पूर्व रेखांशावर, म्हणजे अहिल्यानगरच्या आसपास, स्केल फॅक्टर ०.९९९६ असतो. किलोमीटरमागे सुमारे ४० सेंटिमीटर तिथेच कमी भरतात. फरक तेवढाच आहे की मोजणीच चुकली आहे, हे आधी हिशेबाने ठरवावे.

तिसरा कंट्रोल पॉइंट पडताळणीसाठी राखून ठेवावा. सिव्हिल थ्रीडीत पॉइंट सर्व्हे डेटाबेसमधून आले असतील, तर दुरुस्ती डेटाबेसमध्येच करावी. आणि काहीही करण्याआधी मूळ फाइलची प्रत वेगळी ठेवावी.