इन्स्टॉल आपोआप व्हावं, पण विचारून

प्रश्न : नव्या प्रकल्पाच्या फायली तयार करून देणारं कमांड-लाइन टूल मी नोडमध्ये लिहिलं आहे. त्यानंतरचं एनपीएम इन्स्टॉलही आपोआप कसं करू? – एक विद्यार्थिनी, तुळजापूर (जि. धाराशिव)

उत्तर : फायली लिहून झाल्या की चाइल्ड प्रोसेसमधल्या 'स्पॉन'ने ती कमांड चालवा. 'सीडब्ल्यूडी'मध्ये नव्या फोल्डरचा पत्ता द्या, नाहीतर पॅकेजेस भलतीकडेच जाऊन बसतील. 'एसटीडीआयओ' इनहेरिट ठेवलंत की प्रगती पडद्यावर दिसते. विंडोजवर एनपीएम ही सीएमडी फाइल असते. एप्रिल 2024च्या सुरक्षा-दुरुस्तीपासून नोड ती 'शेल : ट्रू' दिल्याशिवाय चालवत नाही. तसं करताना वापरणाऱ्याने टाइप केलेलं नाव त्या कमांडला कधीही जोडू नका, त्यातून कुणीही हवी ती आज्ञा घुसवू शकतो. वापरणारा यार्न किंवा पीएनपीएमवाला आहे का, हे 'एनपीएम_कॉन्फिग_यूझर_एजंट' या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलवरून कळतं.

खरी परीक्षा नेटची. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करणारे आपल्याकडे पुष्कळ. इन्स्टॉल अर्धवट फसलं तर तयार फायली पुसू नका; पुढे कोणती कमांड द्यायची ते छापा आणि शून्येतर एक्झिट कोडने बाहेर पडा. 'प्रिफर-ऑफलाइन' दिलं तर आधी उतरवलेली पॅकेजेस कॅशमधूनच येतात. 'नो-इन्स्टॉल' हा पर्याय मात्र पहिल्याच आवृत्तीत द्या.