जुने दोन-धावी एंजिन घरी उभे करताना

कवठे महांकाळ तालुक्यातील माळावरच्या वस्त्यांवर एखाद्या गोठ्याच्या कडेला, कडब्याच्या पेंढ्यांमागे, अजूनही एक जुनी मोटारसायकल उभी दिसते. टायर बसलेले, टाकीला गंज चढलेला, सीटचा भुसा उंदरांनी केलेला. बहुधा ती राजदूत असते, येझदी असते, नाहीतर यामाहा आर. एक्स. 100. पूर्वी याच गाड्यांनी दुधाच्या किटल्या दोन्ही बाजूंना लटकावून मुरमाड वाटा तुडवल्या. परदेशात खास माळरानासाठी, उंच मडगार्डाच्या व लांब शॉक-अॅब्सॉर्बरच्या गाड्या निघत. यामाहाची 1968 सालची डी. टी. 1 ही त्यांतली गाजलेली. आपल्याकडे तसे काही मिळत नव्हते. तेव्हा जी गाडी रस्त्याची तीच माळाची, आणि ज्याला हौस तो तीच गाडी घरी उघडून तिच्यात फेरफार करी.

ही हौस आजही आहे. आजोबांची गाडी पुन्हा चालू करावी असे अनेक विद्यार्थ्यांना वाटते, आणि ते चांगलेच आहे. पण या हौसेपायी दरवर्षी कितीतरी धडधाकट एंजिने कायमची जाम होतात. त्यामागे बहुधा एक समजूत असते : "सायलेन्सर कापला, दारे मोठी केली, की ताकद वाढते." ही समजूत कितपत खरी आहे ते भौतिकीच्या साहाय्याने तपासून पाहू या.

प्रथम एंजिनाचे काम समजून घ्या. चार-धावी एंजिनात इंधन-मिश्रण आत घेणे, दाबणे, जाळणे व धूर बाहेर टाकणे या चार कामांसाठी दट्ट्याच्या चार धावा लागतात. दट्ट्या म्हणजे मेस्त्री ज्याला पिस्टन म्हणतात तो. दोन-धावी एंजिनात हीच कामे दोन धावांत, म्हणजे भुजादंडाच्या एकाच फेऱ्यात उरकतात. कशी? दट्ट्याची खालची बाजूही येथे कामाला जुंपलेली असते. दट्ट्या वर जातो तेव्हा खालच्या बंद पेटीत दाब कमी होतो आणि कार्ब्युरेटरमधून पेट्रोल, हवा व ऑइल यांचे मिश्रण त्या पेटीत ओढले जाते. दट्ट्या खाली येतो तेव्हा ते तेथे थोडे दाबले जाते आणि बाजूच्या वाटांनी वरच्या कोठडीत शिरते. शिरता शिरता जळालेला धूर पुढे ढकलते. झडपांचा पसारा नाही. दारे उघडण्याचे व मिटण्याचे काम दट्ट्याची भिंतच करते. पेटीतील दाबाचा असा उपयोग करणारे एंजिन ब्रिटनमध्ये जोसेफ डे याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तयार केले.

यावरून एक गोष्ट लगेच ध्यानात येईल. खालची पेटी, जिला गॅरेजमध्ये क्रँककेस म्हणतात, ती हवाबंद असलीच पाहिजे. चार-धावी एंजिनाला हे बंधन नाही. भुजादंड जेथून पेटीबाहेर पडतो तेथे दोन्ही बाजूंना रबरी ऑइल सील असतात. गाडी दहा-वीस वर्षे गोठ्यात उभी राहिली की हे रबर कडक होऊन चिरते. मग पेटीत कार्ब्युरेटरला वळसा घालून हवा शिरते. कार्ब्युरेटर आपल्या हिशेबाने पेट्रोल देतो, पण हवा त्याच्या हिशेबाबाहेरची येते. मिश्रण पातळ होते. पातळ मिश्रणाबरोबर ऑइलही कमी पोचते, तापमान चढते, दट्ट्या फुगतो आणि सिलिंडरच्या भिंतीला धरतो. यालाच 'पिस्टन जाम होणे' म्हणतात.

किती फुगतो तेही मोजू. आर. एक्स. 100 च्या सिलिंडरचा व्यास 50 मि.मी. आणि धावही 50 मि.मी. आहे. दट्ट्या अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा. त्याचा प्रसरण गुणांक दर अंशाला सुमारे 0.00002. सिलिंडरचे आतले अस्तर बीडाचे. बिडाचा गुणांक 0.000011, म्हणजे जवळजवळ निम्मा. दोघांचे तापमान 100 अंशांनी वाढले तर दट्ट्या 0.10 मि.मी. वाढेल, अस्तराचा व्यास 0.055 मि.मी. वाढेल. फरक 0.045 मि.मी. थंड असताना या दोघांमध्ये ठेवलेली फट साधारण एवढीच असते, डोक्याच्या केसापेक्षाही बारीक! दट्ट्याचा माथा खालच्या घेरापेक्षा पुष्कळ जास्त तापतो, म्हणून कारखान्यातच तो वरच्या बाजूला किंचित निमुळता केलेला असतो. आता मिश्रण पातळ झाल्यामुळे दट्ट्या सिलिंडरपेक्षा आणखी 50 अंशांनी तापला तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

तेव्हा गाडी उभी करण्याचे काम रंगापासून सुरू करू नका, हवाबंदपणापासून करा. त्याची चाचणी शाळेच्या प्रयोगशाळेतही होते. रक्तदाब मोजण्याचे यंत्र सर्वांनी पाहिलेले असते. मिरज हे तर दवाखान्यांचेच गाव, तेथे जुने यंत्र सहज मिळेल. मात्र पाऱ्याचे घेऊ नका, तबकडीवर काटा फिरणारे घ्या. त्याचे माप 300 मि.मी. पाऱ्यापर्यंत जाते. वातावरणाचा दाब 760 मि.मी. म्हणजे 300 मि.मी. हा सुमारे 0.4 वातावरण इतका जादा दाब झाला. दोन-धावी एंजिनाची गळती तपासण्यासाठी नेमका एवढाच दाब वापरण्याची रीत आहे. सायलेन्सर व कार्ब्युरेटर काढा. धूर जाण्याच्या दारावर रबराचा तुकडा व पत्रा घट्ट आवळा. प्लग जागेवर ठेवा. कार्ब्युरेटरच्या जागी रबरी बूच बसवून त्यातून यंत्राची नळी आत सोडा आणि फुगा दाबून काटा 300 पर्यंत न्या. सहा मिनिटांत काटा जागचा हलला नाही, तर एंजिन हवाबंद आहे. भराभर खाली आला, तर साबणाचे पाणी जोडांवर व सीलांवर लावा. बुडबुडे चोर दाखवतील. शे-दोनशे रुपयांचे सील बदलण्याने हजारोंचा दट्ट्या वाचतो.

पातळ मिश्रणाचे आणखी एक कारण अलीकडचे आहे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये सुमारे 20 टक्के इथेनॉल असते. आपल्या सांगली जिल्ह्यातल्या उसाचाही त्यात वाटा आहे. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला 14.7 किलो हवा लागते, एक किलो इथेनॉलला केवळ 9 किलो, कारण इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो. या मिश्र इंधनाला म्हणून सुमारे 13.5 किलो हवा पुरते. जुन्या कार्ब्युरेटरचे जेट मात्र शुद्ध पेट्रोलच्या हिशेबाने पाडलेले. परिणामी मिश्रण सात-आठ टक्के पातळ पडते. जेटच्या छिद्राचे क्षेत्रफळ तेवढे वाढवायचे तर व्यास किती वाढवावा? क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणून व्यास चारच टक्के. जेट सुईने कोरू नका, पुढच्या क्रमांकाचे विकत घ्या. इथेनॉल हवेतील पाणी शोषते व जुन्या रबराला नरम करते, तेव्हा पेट्रोलची नळी व कार्ब्युरेटरमधील रबरी वॉशरही बदलावेत. काम बरोबर झाले की नाही ते प्लग सांगतो. त्याच्या टोकाचा रंग चॉकलेटी असेल तर मिश्रण योग्य. पांढराफटक असेल तर गाडी तेथेच थांबवा.

टाकीतील गंज काढायला धुण्याचा सोडा घातलेले पाणी, बॅटरी चार्जर आणि लोखंडी सळी पुरते. आधी टाकीतील पेट्रोल व त्याची वाफ पुन:पुन्हा धुऊन पूर्ण काढा. टाकी ऋण टोकाला जोडा. धन टोकाची सळी टाकीच्या पत्र्याला कोठेही टेकू देऊ नका. हे काम उघड्यावर, मोठ्या माणसासमक्ष करावे, कारण यात हायड्रोजन निघतो आणि त्याला एक ठिणगी पुरते. सळी स्टेनलेस स्टीलची नको, तिच्यातून क्रोमियमची विषारी संयुगे पाण्यात उतरतात. जुन्या ब्रेक-शूची धूळ फुंकू नका, त्या काळच्या अस्तरांत अॅस्बेस्टॉस असे.

आता सायलेन्सरकडे येऊ. खरी गंमत येथेच आहे.

आर. एक्स. 100 चे एंजिन मिनिटाला 7,500 फेऱ्यांवर 11 अश्वशक्ती देते. म्हणजे सेकंदाला 125 फेरे, प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट, आणि प्रत्येक स्फोटातून हाती लागते ती ऊर्जा अवघी 65 ज्यूल. एक फेरा 8 मिलिसेकंदांत संपतो. धूर जाण्याचे दार समजा अर्धा फेरा उघडे आहे, म्हणजे 4 मिलिसेकंद. या वेळात धूर बाहेर गेला पाहिजे व ताजे मिश्रण आत आले पाहिजे. पण दोन्ही दारे एकाच वेळी उघडी असतात! ताजे मिश्रण धुराच्या मागोमाग बाहेर पळू पाहते. साध्या दोन-धावी एंजिनात पेट्रोलचा चौथा हिस्सा, कधी त्याहूनही अधिक, असा न जळताच निसटतो. 2000 सालापासून आपल्याकडे धुराचे नियम कडक होत गेले आणि या गाड्या बाजारातून गेल्या, त्याचे हे मुख्य कारण.

हे पळणारे मिश्रण परत आत ढकलता येईल का? येईल, ध्वनीच्या लाटेने. दार उघडताच दाबाची एक लाट नळीतून धावत सुटते. नळी पुढे रुंदावत जाते तेथून विरळ दाबाची लाट परत येते व मिश्रणाला आत येण्यास मदत करते. त्यानंतर नळी पुन्हा निमुळती होते. तेथे आपटून दाबाची लाट मागे फिरते आणि दार मिटण्यापूर्वी पोचली तर निसटलेले मिश्रण सिलिंडरमध्ये परत कोंबते. हा प्रतिध्वनीच झाला. 350 अंशांच्या वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 500 मीटर असतो. 4 मिलिसेकंदांत लाट 2 मीटर चालेल. जाणे-येणे मिळून 2 मीटर, म्हणजे निमुळता भाग दारापासून सुमारे 1 मीटरवर हवा. जुन्या दोन-धावी गाडीचा सायलेन्सर टेपने मोजून पाहा, या आकड्याला काही अर्थ आहे हे दिसेल.

पूर्व जर्मनीतील झोपाऊ येथील एम. झेड. कारखान्यात वाल्टर काडेन या अभियंत्याने 1950 नंतरच्या दशकात या लाटांचा पाठपुरावा केला. 1961 साली त्याच्या 125 घनसेंमी एंजिनाने 25 अश्वशक्ती दिली, म्हणजे लिटरमागे 200. (आपली आर. एक्स. लिटरमागे 112 च्या आसपास आहे.) त्याच वर्षी त्याचा स्वार एर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधील शर्यतीतून पळून पश्चिमेकडे गेला व सुझुकीला जाऊन मिळाला. 1962 चे 50 घनसेंमी गटाचे विश्वविजेतेपद त्याने सुझुकीवर मिळवले. चिखलमातीच्या शर्यतींतही दोन-धावी गाड्यांनी लवकरच मैदान मारले : बेल्जियमच्या जोएल रोबेरने 1964 मध्ये चेक बनावटीच्या चेझेटवर आणि 1970 मध्ये सुझुकीवर 250 गटाचे विश्वविजेतेपद घेतले.

म्हणजे सायलेन्सर हे आवाज दाबायचे डबडे नव्हे, तो एंजिनाचाच भाग आहे. त्याचा निमुळता भाग कापला तर नळीचे टोक मोकळे होते. मोकळ्या टोकावरून दाबाची लाट विरळ लाट होऊन परतते, हे बासरीच्या प्रकरणात तुम्ही शिकाल. म्हणजे जी लाट मिश्रण आत ढकलणार होती, तीच आता ते बाहेर ओढते! आवाज वाढतो, पेट्रोल जास्त जाते आणि ओढ कमी होते. कान फसतात, चढ फसत नाही. जुन्या सायलेन्सरची ताकद खरोखर गेलेली असते ती ऑइलच्या काजळीने आतली वाट बुजल्यामुळे. काजळी काढा, नळी कापू नका.

दारे घासून मोठी करण्याचेही असेच. समजा संयोगदांडा 100 मि.मी. आहे व धूर जाण्याचे दार भुजादंड 90 अंश फिरल्यावर उघडते. तेव्हा दट्ट्या माथ्यापासून 28 मि.मी. खाली आलेला असतो. त्या जागी भुजादंडाच्या एका अंशाला दट्ट्या 0.44 मि.मी. सरकतो. कानशीने दार एकच मि.मी. वर नेले तर ते उघडताना 2.3 अंश आधी आणि मिटताना तितकेच उशिरा, मिळून 4.6 अंश जास्त उघडे राहते. जास्त फेऱ्यांवर याचा फायदा होतो, हे खरे आहे. पण कमी फेऱ्यांवर लाट दार मिटण्याच्या पुष्कळ आधी परतते आणि मिश्रण निसटायला आणखी वेळ मिळतो. 3,750 फेऱ्यांवर ती दार मिटण्याच्या नव्वद अंश आधीच येऊन जाते. माळावर, दगडगोट्यांत, ओढ्याच्या चढावर तुम्ही 7,500 फेऱ्यांवर असता का? तेथे खालची ओढ लागते. माळासाठी फेरफार करायचाच असेल तर मागचे दातेरी चक्र दोन दाते मोठे बसवा. 40 चे 42 केले की चाकावरील पीळ 5 टक्के वाढतो, कमाल वेग तेवढाच घटतो, आणि नको वाटले तर जुने चक्र परत बसवता येते. कानशीने गेलेले बीड परत येत नाही.

कायदाही माहीत असावा. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार परवानगीवाचून गाडीत मूलभूत बदल करून ती रस्त्यावर आणता येत नाही. महाराष्ट्रात अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडले आहेत. उलट 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते, तिला 'व्ही. ए.' अक्षरांची पाटी मिळते. अशी गाडी रोजच्या वापरासाठी नसते. कापलेल्या गाडीला मात्र ही वाट बंद. आणि परवान्याचे वय होईपर्यंत चाचणी स्टँडवर, मोकळ्या हवेतच घ्या.

सोडवून पाहा :

(1) जावा 250 चा व्यास 65 मि.मी. व धाव 75 मि.मी. आहे, राजदूत 175 चा व्यास 61 मि.मी. व धाव 59.5 मि.मी. दोन्हींचे घनफळ काढा.

(2) आर. एक्स. 100 चा सिलिंडर घासून व्यास 50.5 मि.मी. केला, तर घनफळ किती टक्क्यांनी वाढेल?

(3) 5,000 फेऱ्यांवर लाट वेळेवर परत यावी, तर निमुळता भाग दारापासून किती अंतरावर हवा? शर्यतीच्या गाड्यांची नळी एंजिनाभोवती नागमोडी का फिरवतात, हे त्यावरून सांगा.

उत्तरे : (1) सुमारे 249 व 174 घनसेंमी, (2) 2 टक्के, (3) दीड मीटर.