जुन्या इमारतीत घर घेण्यापूर्वी

भाड्याच्या खोलीतून स्वतःच्या घरात जाण्यासाठी आपले नोकरदार बंधू-भगिनी प्रॉव्हिडंट फंड आणि बँकेचे कर्ज यांची कशीबशी जुळवाजुळव करतात. मुंबई-ठाण्याकडे नवे घर परवडत नाही, म्हणून पंचवीस-तीस वर्षांच्या इमारतीतील सदनिका पाहिली जाते. पाहताना मात्र नजर जाते ती फरशी, ओटा आणि रंगाकडे. सदनिका आपली असली तरी ती साऱ्या इमारतीच्या खांबांवर उभी असते; तेव्हा पाहणीची सुरुवात तळमजल्यापासून करावी.

खांब, तुळया आणि स्लॅबमधील लोखंडी सळयांना काँक्रीटच्या अल्कधर्मामुळे गंजापासून संरक्षण मिळते. हवेतील कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत मुरला की हे संरक्षण नष्ट होते. समुद्रकाठी खारी हवा तेच काम लवकर करते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे बाहेरचे काँक्रीट फुगून फुटते. खांबाच्या कोपऱ्यावर सळईच्या रेषेत उभी भेग दिसली, तर ती गिलाव्यावरच्या केसासारख्या चिरांपेक्षा निराळी व गंभीर समजावी. हलकेच ठोकून पाहावे. पोकळ आवाज आला तर आतला थर सुटला आहे. गच्चीखालचे छत, न्हाणीघराखालचे छत, जिन्याची खालची बाजू आणि पाण्याच्या टाकीजवळचे खांब विशेष तपासावेत, शक्यतो पावसाळ्यात. एकाच छताला ताजा रंग दिसला, तर का दिला ते विचारावे. सांडपाण्याच्या पाइपाजवळ भिंतीत पिंपळ उगवलेला असतो. बोधिवृक्ष आपणांस वंदनीय खरा, पण भिंतीतल्या भेगा त्याच्या मुळांनी रुंदावतात.

तळमजल्यावर कोणी फेरफार केले आहेत काय, हे अवश्य पाहावे. घाटकोपरची साईदर्शन इमारत २५ जुलै २०१७ रोजी कोसळून १७ जण मृत्युमुखी पडले. तळमजल्यावरील नूतनीकरणात खांबांना धक्का लावल्याचा आरोप तेव्हा झाला होता.

डोळ्यांना दिसते तेवढ्यावर मात्र विसंबू नये. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचे दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट व्हावयास हवे. तो अहवाल सेक्रेटरीकडे मागावा. मुंबई महापालिकेच्या वर्गवारीत 'सी-१' म्हणजे रिकामी करून पाडावयाची इमारत, 'सी-२ए' म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, 'सी-२बी' म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती, आणि 'सी-३' म्हणजे किरकोळ दुरुस्ती. अहवाल नाहीच असे उत्तर मिळाले, तर स्वतः अभियंता नेऊन पाहणी करावी. लाखोंच्या व्यवहारात ती फी जड नाही. आपल्यातील स्थापत्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांनीही सोबत जावे, वर्गात न शिकता येणारे बरेच तेथे दिसते.

सर्वसाधारण सभेची इतिवृत्ते, सिंकिंग फंडाची शिल्लक, भोगवटा प्रमाणपत्र आणि जमिनीचे अभिहस्तांतरण यांचीही खात्री करावी. मोठ्या दुरुस्तीचा ठराव झालेला असेल, तर त्या सदनिकेचा वाटा किती आणि तो विक्रेता भरणार की आपण, हे इसारा देण्यापूर्वीच लेखी करून घ्यावे.