डाळ केव्हा शिजेल? अनिश्चित वेळेच्या नियोजनाविषयी

आमच्या वसतिगृहात जो राहिला, तो भोजनाची घंटा विसरणे शक्य नाही. ती कधी बाराला होई, कधी साडेबाराला. वेळापत्रक असूनही असे का घडते, या साध्या प्रश्नामागे एक शास्त्र उभे आहे. त्याची ओळख येथे करून देण्याचा आमचा विचार आहे.

काही कामांचा आरंभ आपल्या हाती असतो, शेवट नसतो. डाळ चुलीवर चढवणे आपल्या हाती. शिजणे मात्र डाळीच्या जुनेपणावर, पाण्याच्या जडपणावर आणि सरपणाच्या ओलीवर. समजा, तिला 30 ते 50 मिनिटे लागतात, बहुधा 34. 1958 साली अमेरिकी नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्र प्रकल्पासाठी 'पर्ट' ही पद्धती तयार झाली. तीत प्रत्येक कामाचे तीन अंदाज घेतात: लवकरात लवकरचा, बहुधा लागणारा आणि उशिरात उशिराचा. मधल्याची चौपट करून तिन्हींची बेरीज करायची व सहाने भागायचे. येथे 30, 136 आणि 50 मिळून 216. म्हणजे सरासरी 36 मिनिटे. ती 34 हून अधिक आली, कारण काम लवकर आटोपण्याला सीमा असते, लांबण्याला वाव मोठा असतो.

परंतु सरासरीवर विसंबणे धोक्याचे. डाळ व भाकरी बारापर्यंत तयार होण्याची शक्यता प्रत्येकी निम्मी असेल आणि एकीचा दुसरीशी संबंध नसेल, तर दोन्ही वेळेवर होण्याची शक्यता पावच उरते. पंगतीला तर दोन्ही हवीत.

यापुढचा विचार थिएरी विदाल व एलेन फार्जिए यांनी 1999 साली मांडला, आणि तो आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. योजना पार पाडता येणे तीन प्रकारचे असते, असे ते दाखवतात. डाळ उतरल्यावर 5 ते 15 मिनिटांत घंटा व्हावी, असा नियम घ्या. डाळ 30 मिनिटांत झाली तर घंटा 35 ते 45 व्या मिनिटाच्या दरम्यान हवी. 50 मिनिटे लागली तर 55 ते 65 च्या दरम्यान. दोन्हींना चालेल असा एकही क्षण नाही. म्हणजे घड्याळ पाहून घंटा देणारा कधीतरी चुकणारच. डाळीकडे पाहून घंटा देणारा मात्र कधीच चुकत नाही. आता नियम बदला: मुले मैदानावरून यायची आहेत, म्हणून डाळ उतरण्याच्या बरोबर 10 मिनिटे आधी घंटा हवी. डाळ केव्हा उतरेल हे आधीच कळले तर हे सोपे आहे. न कळता, केवळ पाहून जमणारे नाही. कितीही अनुभवी आचारी असो, त्याला आधी कळवणारी एखादी खूण लागते. दाणा बोटाने चेपू लागला की दहा मिनिटे उरली, अशी खूण सापडली, तर तोच नियम पुन्हा पाळता येतो.

हे स्वयंपाकघरापुरते नाही. 1994 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी आपला प्रबंध सरासरी सुमारे 34 दिवसांत होईल असे सांगितले होते. लागले सुमारे 55. आमची दहावीची मुलेही भिंतीवर तासातासाचे वेळापत्रक लावतात. बीजगणिताचा एक धडा अडतो, तिसऱ्या दिवशी सारे कोलमडते आणि मूल स्वतःलाच 'ढ' ठरवते. घरी विचारणारे कोणी शिकलेले नसेल, तर ते मत पक्के होऊन बसते. खरे तर ते वेळापत्रक पाळणे कोणालाच शक्य नव्हते. घड्याळ पाहून घंटा देण्याचाच तो प्रकार.

म्हणून आम्ही हल्ली मुलांना तारखा कमी आणि खुणा अधिक लिहायला सांगतो: पाच उदाहरणे न पाहता सुटली की पुढचा धडा, दोन संध्याकाळी एकही सुटले नाही, तर त्याच रात्री शिक्षकांच्या खोलीचे दार वाजवायचे. त्या दाराला रात्री दहापर्यंत कडी नसते.